रायनाच्या अकरा कॅसेट

कुझमानने कॅसेटप्लेअरची वायर कॉम्प्युटरला जोडली, पहिली कॅसेट घातली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ थरथरू लागली. काय कधी दाबायचं ते त्याच्या मुलीने, वेर्काने, कागदावर लिहून दिलं होतं.

शनिवारी त्याच्या बायकोला, रायनाला, जाऊन सहा महिने होणार होते. रिवाजाप्रमाणे प्रिलेप गावच्या कबरस्तानात उकडलेले गहू वाटायचे, मग घरी सगळ्यांचं जेवण. त्या जेवणाला आईचा आवाज लावायचा, असं वेर्काने ठरवलं होतं.

"तुम्ही जर्मनीत होता तेव्हा तिने पाठवलेल्या अकराच्या अकरा आहेत, बाबा. माझं रडणंपण असेल त्यात!"

कॅसेट अकरा होत्या. पण त्यांच्यावर रायना नव्हती. फुटबॉलच्या मॅच होत्या.

चौऱ्याहत्तर साली बांधकामावरच्या बराकीत एका खोलीत ते चौघे राहायचे. कुणाच्याही बायकोची कॅसेट आली की चौघे मिळून ऐकायचे. रायना कॅसेटशी फोनवर बोलावं तशी बोलायची. "जेवलास का?" असं विचारायची आणि थांबायची. उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ थांबायची. मग "बरं" म्हणून पुढे जायची.

"अरे, दे की उत्तर! बाई ताटकळलीय तिकडे!" खोली हसून लोळायची. सगळ्यांत मोठ्याने कुझमान हसायचा.

नंतर त्याला तिची लाज वाटू लागली. आवाज पुसला जाऊ नये म्हणून ती कॅसेटच्या कडेचा तुकडा मोडून पाठवायची. तो त्या भोकावर चिकटपट्टी लावायचा आणि न ऐकताच वर रेडिओवरची मॅच भरायचा. आधी ऐकलेल्याही त्याने सोडल्या नाहीत. सुट्टीत घरी आला की ती विचारायची, "ऐकलीस?"

"ऐकली की."

एक्केचाळीस वर्षं तो तेच सांगत आला होता. आता वेर्काला सांगायचं, कॅसेट ओलीने खराब झाल्या. दोन-तीन कॉम्प्युटरवर भरून बघितल्या, एवढं तिला दिसलं की झालं.

तीन कॅसेटवर मॅच निघाली. चौथीवर गोलची आरोळी उठली आणि मधेच तुटली.

"कुझमान, जेवलास का?"

रेघ सपाट झाली. चाकं फिरत होती.

"बरं. तंबाखूची पानं ओवून झाली. बोटं काळी पडलीत नुसती. तिकडे थंडी आहे का?"

पुन्हा सपाट. पुसलेल्यातलं थोडं खाली राहत असेल, त्याने स्वतःला समजावलं. कॅसेट मागे गुंडाळून सुरुवातीपासून लावली. या वेळी मॅच नव्हतीच. जिथे आधी प्रेक्षकांचा गोंगाट होता, तिथे रायना चुलीवरच्या मिरच्यांबद्दल बोलत होती. मग तिने विचारलं,

"ओलीने खराब झाल्या म्हणून सांगणार आहेस का वेर्काला?"

कुझमानचे हात मांडीवरच राहिले. रेघ सपाट होती.

"बरं," रायना म्हणाली.

त्याने कॅसेट बंद केली. तेवढ्यात दार ढकलून वेर्का आत आली. तिच्या हातात गव्हाचं पातेलं होतं.

"चेहरा का असा? कॉम्प्युटर चावला की काय? उठा, ऐकू दे मला."

"अजून नको."

"तुम्ही इतकी वर्षं एकट्याने ऐकलंत ना?"

तिने हेडफोन कानाला लावले आणि कॅसेट सुरू केली. ती हसली. डोळे पुसले. पुन्हा हसली. मग तिचं हसू थांबलं.

"बाबा, हे कधीचं आहे?"

"का?"

"आई म्हणतेय, तुम्हाला मला काहीतरी सांगायचंय." तिने हेडफोन काढले. "आणि गप्पच झाली."

रेघ सपाट होती. चाकं फिरत होती.

कुझमानने सांगितलं. खोली, हसणं, चिकटपट्टी, मॅच. न ऐकलेल्या कॅसेट. शेवटपर्यंत "ऐकली की". सांगताना त्याने मान वर केली नाही.



पडद्यावर रेघ थोडीशी हलली.

वेर्काने हेडफोनची एक बाजू कानाशी धरली.

"काय म्हणतेय?" त्याने विचारलं.

"म्हणतेय, पुन्हा सांग." वेर्काने हेडफोन त्याच्यापुढे धरले. "तिकडे तिच्या मागे जे उभे आहेत त्यांना ऐकू गेलं नाही."