मनिरामनं सुपारी घेतली

टिकेश कामठ्याच्या पानठेल्यावर सुपारी घ्यायला गेला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि ठेलेवाला रामलाल तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. यात भुताखेताचं काही नव्हतं. भूत कशाला, त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

"अख्ख्या सुपाऱ्या दे गा. दोन."

"कोनाचं लगन?"

"लगन नाई. रेकॉर्डिंग हाय."

"गानं कोन म्हंते?"

"कोनीच नाई. नुसतं वाजवाचं."

रामलालचा हात थांबला. "गानंच नाई, त मंग लोकायनं ऐकाचं काय?"

टिकेशनं बरणीकडे बोट केलं. "एक जास्तीची दे," तो म्हणाला. धुमाल पार्टीत, म्हणजे वरातीपुढच्या बँडात, वाजवणाऱ्या माणसाचा हात नेहमी एक जास्तीची सुपारी उचलतो. ऐन वरातीत कोणता वाजवणारा कुठून उगवेल, काय नेम!

आता ही सुपारीची भानगड सांगून ठेवतो, नाहीतर पुढे तुम्ही मलाच खोटं पाडाल. आमच्याकडे वाजवणाऱ्याला बोलवायचं तर गाव आणि तारीख सांगायची अन् हातावर सुपारी ठेवायची. त्यानं ती कपाळाला लावली की विषय संपला. मग ताप येवो, बायको माहेरी जावो, म्हैस विहिरीत पडो, तो येणार आणि वाजवणार. कपाळाला लागलेली सुपारी परत होत नाही. आणि यजमानानं नारळ-दुपट्टा देऊन "या आता" म्हटल्याशिवाय वाजवणारा मांडव सोडत नाही.

टिकेश अर्जुनी मोरगावकडचा. उभी जवानी वरातीपुढे ढोल बडवण्यात गेली. लोक त्याच्या ठेक्यावर नाचले, पडले, एकमेकांची डोकी फोडली, पण त्याचं वाजवणं म्हणून कोणी ऐकलं नाही. ते दुःख त्यानं फक्त आचलला सांगितलं होतं. आचल त्याच्याच गावची, शाळेत संगीत शिकवायची, कीबोर्ड वाजवायची. तिनं त्याची गाठ हिमांशूशी घालून दिली. हिमांशू कामठ्याचा, पुण्याहून गिटार आणि डोक्यात भलभलते आवाज घेऊन आलेला. तिघांनी मिळून अल्बम करायला घेतला. गाणं नाही, कडवं नाही, कोणी मालक नाही. प्रत्येकाच्या तुकड्यात बाकी दोघांचं नाक खुपसलेलं. नियम एकच, तोही हिमांशूनं घातलेला: वाजवून झालं की ज्यानं त्यानं आपल्या वाद्यावर एक ठोका द्यायचा. ठोका म्हणजे राहू दे. एकाचाही ठोका आला नाही तर तुकडा पुसायचा.

सगळं झालं होतं, शेवटचा तुकडा तेवढा उरला होता. तो आजच व्हायला हवा होता. उद्या नवं धान येणार, हिमांशूच्या मामाची बंद राइस मिल, जिथं हे रेकॉर्डिंग चालायचं, ती सुरू होणार, आणि हिमांशू नोकरीवर परत जाणार. आज हुकलं की टिकेश पुन्हा वरातीपुढे. मरेस्तोवर.

तो मिलमध्ये शिरला. बाहेर रणरणतं ऊन आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या उतरलेल्या, त्यांत कोंड्याची धूळ हळूहळू फिरत होती. उसन्या, म्हणजे उकडलेल्या धानाचा आंबूस वास गच्च बसलेला. वर मोठ्या चाकावरून पट्टा लोंबत होता, अजगरासारखा, आणि वारा नसताना मधूनच कुरकुरत होता.

टिकेशनं आधी आचलला सुपारी दिली. तिनं ती कपाळाला लावली. हिमांशू हसला. "अबे, आपण काय बरातीत आलो का?"

"घे नं बाप्पा. बिना सुपारीचा माहा हात नाई चालत."

मागे कोंड्याच्या पोत्यांचे कट्टे रचले होते. त्यावर एक म्हातारा बसला होता, मांडीवर डफडं. मिलचा कोणी असेल, हिमांशूनं बोलावला असेल, असं समजून टिकेशनं उरलेली सुपारी त्याच्यापुढे धरली.

"कामठा. आजच," तो रीतीप्रमाणे म्हणाला.

म्हाताऱ्यानं डावा हात उजव्या कोपराला लावून सुपारी घेतली. कपाळाला टेकवली. बोटं गार होती, पण मिलमध्ये सगळंच गार होतं. पाय उलटे होते का, असं तुम्ही विचाराल. सुपारी देताना पाय कोण बघतो हो?

वाजवणं सुरू झालं. तुकडा अकरा मात्रांचा होता. गिटार किंचाळायची, कीबोर्ड तिला समजवायला जायचा आणि स्वतःच चिडायचा, आणि खालून ढोल दोघांना धरून ठेवायचा. म्हणजे ठेवायला हवा होता. मधोमध एक वळण होतं. तिथं आलं की टिकेशचे हात आपोआप वरातीच्या ठेक्यात घुसत.

"टिकेशभाऊ," हिमांशू डोकं धरून म्हणाला, "इतकं चांगलं चाललं होतं, अन् मधातच नवरदेव घोड्यावर बसला!"

पुन्हा. पुन्हा नवरदेव. त्यानंतर वीज गेली.

"लॅपटॉप, कीबोर्ड, गिटार, सगळ्यायची बॅटरी एका वेळेपुरतीच हाय," आचल हळूच म्हणाली. "भाऊ… सांभाळा."

टिकेशनं ढोल आवळून धरला. पट्टा कुरकुरला. तिघं सुरू झाले. वळण जवळ आलं, हात वरातीकडे निघाले… आणि मागून डफड्याची काडी वाजली. टक. नेमकी जिथं हवी तिथं. पुन्हा टक. म्हातारा अकरा मात्रा अशा मोजत होता, जणू जन्मभर दुसरं काही मोजलंच नाही. टिकेश त्या काडीला धरून वळणापार गेला. मग काय वाजलं ते विचारू नका. पत्रे थरथरले. चाक वर आपोआप अर्धा फेरा फिरलं.

तुकडा संपला. हिमांशूनं गिटारवर ठोका दिला. आचलनं दिला. टिकेशनं ढोलावर थाप मारली.

मागून चौथा ठोका आला.

"हे… काय होतं?" आचल कीबोर्डवरून हात उचलत म्हणाली.

"तो बुढा," टिकेश कपाळ पुसत म्हणाला. "काय मानूस आनला गा हिमांशू! जबरदस्त!"

"कोणता बुढा?"

टिकेश वळला. कट्ट्यांवर कोणी नव्हतं. कोंड्यावर बसल्याचा खळगा तेवढा होता, आणि तो हळूहळू भरून येत होता.

तेवढ्यात चौकीदार दुधराम चहाची किटली घेऊन दारात आला आणि उंबऱ्यातच थबकला. "डफडं वाजलं नं आता. मनिरामले सुपारी कोन देल्ली?"

"मनिरामकाका?" हिमांशू पांढराफटक पडला. "ते त माझ्या लहानपणीच…"

"होय नं. याच मिलचा डायवर, इंजन चालवे. पट्ट्याच्या आवाजावर डफडं वाजवे. एका लगनात जिलेबी खाता खाता गेला. तवापासून उरावर हाय त्याच्या, का तिकडं मेल्यायमंदी वाजवनारे लगित, ढिगानं हायेत, पन ठेका धरनारा एक नाई."

"तुमाले कसं मालूम जी?" टिकेशनं विचारलं.

"सांगते नं मले," दुधराम चहा ओतत म्हणाला. "माही नाइट ड्यूटी हाय."

हिमांशूनं लॅपटॉप ओढला. "मी पुसून राहिलो हे. भुताचा अल्बम नाही काढाचा मले."

टिकेश मधे आला. जन्मात एकदा त्याचं वाजवणं ऐकण्यासारखं झालं होतं. "हिमांशू, ठोका देल्ला तू," तो म्हणाला. "नियम तुहाच हाय. ठोका देल्ला त राहू द्याचं."

"तो तिघांचा नियम होता!"

मागून काडी वाजली. टक. जरा रागानंच.

हिमांशूनं लॅपटॉप अलगद मिटला.

मग टिकेशनंच यजमानपण केलं. नारळ आणला, स्वतःच्या गळ्यातला दुपट्टा काढला, दोन्ही वस्तू कट्ट्यांवर ठेवल्या आणि हात जोडून म्हणाला, "लय उपकार झाले जी. या आता." पट्टा एकदा कुरकुरला आणि गप्प झाला. दुपट्टा कोंड्यात आत ओढला गेला असं आचल म्हणते. टिकेशनं तिकडे पाहिलं नाही.

अल्बम निघाला. लोकांनी कान लावून ऐकला. कुठल्या कुठल्या देशातून निरोप आले की ढोलवाला कोण आहे. रामलालनं पानठेल्यावर लावला. गिऱ्हाईकं पळाली, तरी त्यानं बंद केला नाही. टिकेश एकटाच असला की शेवटचा तुकडा लावायचा आणि डोळे मिटून, काय सांगू, रडायचा.

परवा लग्नसराईसाठी त्यानं ढोलाची खोळ उघडली. आतून काहीतरी घरंगळून तळहातावर आलं. अख्खी सुपारी. गार. वर चिमूटभर कोंडा.

आणि वर्षानुवर्षांची सवय ती. त्यानं ती कपाळाला लावली.

लावल्यावर त्याला मनिराम आठवला. तेव्हापासून तो दारात बसून आहे, ढोल मांडीवर घेऊन. बायको विचारते, "काऊन बसले जी असे? कोठं जाचं हाय?"

तेच तर त्याला माहीत नाही. गाव कोणतं, तारीख कोणती… देणाऱ्यानं सांगितलंच नाही.