कॉफी बेका?

"पाव किलो कॉफी द्या. जरा बारीक दळून," प्रतिक्षा म्हणाली आणि ओढणीनं कपाळावरचा घाम टिपला. सोलापूरच्या उन्हानं डोकं भणभणत होतं. पण शुक्रवार पेठेतल्या त्या अरुंद दुकानात भाजलेल्या कॉफीचा असा काही वास कोंडला होता, की ती क्षणभर ऊनच विसरली.

काउंटरमागचा तरुण, महेश्वर, सवयीनं म्हणाला, "कॉफी बेका?"

"बेकार?" तिनं भुवया उंचावल्या. "बेकार आहे, तर विकता कशाला?"

तो असा खदखदून हसला, की मापातल्या बिया सांडल्या. "बेकार न्हाई ओ... बेका! आमच्या कन्नडमध्ये, 'हवी का?' हवी तर बेकु म्हणायचं, नको तर ब्याड. दळून होईपर्यंत एक कप घ्या म्हणत होतो."

"ब्याड. मी कॉफी पीत नाही. आत्या म्हणते, रंग काळवंडतो."

"मग ही पाव किलो?"

"ही... चेहऱ्याला चोळायची आहे." तिनं नजर चुकवली. "पुढच्या महिन्यात मला बघायला पाहुणे येणार आहेत. कॉफीनं म्हणे चेहरा उजळतो."

महेश्वरनं दळायचं यंत्रच बंद केलं. "म्हणजे पोटात गेली की काळं करती, अन् वरून चोळली की गोरं? कॉफीनं नेमकं करायचं तरी काय, मॅडम?"

प्रतिक्षाला हसू फुटलं. मग स्वतःचाच राग आला. विमा कंपनीच्या ऑफिसात दिवसभर लोकांशी हुज्जत घालणारी ती, पण आपल्या सावळ्या रंगाचा विषय निघाला की घरात गप्प बसायची. आता बास!

"बेकु," ती ठामपणे म्हणाली.

त्या दिवसापासून ऑफिस सुटलं की तिची पावलं आपोआप शुक्रवार पेठेकडे वळू लागली. घरून रोज नवी शंका यायची.

"कॉफीनं उष्णता होते म्हणे."

"सोलापुरात राहून कॉफीला नावं ठेवता व्हय?"

"झोप उडते म्हणे."

"उडू द्या की..." तो कप पुढे करत हळूच म्हणायचा, "जाग्या असताना आमची आठवण तरी येईल."

ती डोळे वटारायची. पण कप मात्र सावकाश संपवायची.

एके दिवशी तिनं कप बाजूला ठेवला. "छातीत धडधडतं हो. ही गल्ली आली की सुरूच होतं. भाऊ म्हणतो, कॉफीचाच परिणाम."

"मग जरा हलकी देत जातो," तो काळजीनं म्हणाला.

पुढच्या आठवड्यात ती आली ती उतरलेल्या चेहऱ्यानंच. "धडधड वाढलीच आहे. कॉफी सोडावी लागणार. आणि... परवा ते पाहुणेही येणार आहेत."

महेश्वरनं हातातलं माप खाली ठेवलं. मग म्हणाला, "एक सांगू? रागवू नका. आठवडाभर तुम्हाला कॉफी दिलीच न्हाई. नुसती चिकोरी होती. कॉफीत मिसळतो ना आम्ही, ती भाजलेली मुळी. तिच्यानं धडधडत न्हाई."

"मला न सांगता?" ती तडकली. आणि मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे... धडधड..."

"कॉफीची न्हाई. मलाबी होती, तुम्ही आल्या की. अन् मी तर कॉफीवरच वाढलोय."

तिनं एक खोल श्वास घेतला आणि तिथूनच फोन लावला. "आत्या, पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळव."

"का गं?" चांगुणाआत्याचा आवाज दुकानभर झाला.

"मी कॉफी सोडणार नाही."

"अगं बया! काळी पडशील की!"

"पडू दे. ज्याला चालतं, त्याच्याच दुकानातून बोलतेय. घरी येऊन सगळं सांगते."

फोन ठेवून ती महेश्वरकडे वळली. "आता तुमची पाळी."

तेवढ्यात महेश्वरची आई, चन्नम्मा, दुकानात आली. "अव्वा, ही प्रतिक्षा... ही..." महेश्वरचं घोडं तिथंच अडलं. एरवी तोंडाला कुलूप नसलेला माणूस!

"कुणाची गं तू?" चन्नम्मानं विचारलं.

"धर्मपाल कांबळ्यांची. आम्ही बौद्ध आहोत. मला तुमचा महेश्वर आवडतो. चोरून काही करायचं नाही, म्हणून तुमच्यासमोर सांगते."

चन्नम्मा स्टुलावर बसली. लिंगायतांच्या रिवाजानं गळ्यात घातलेल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर नकळत तिचा हात गेला. तिनं या पोरीला नखशिखांत न्याहाळलं. मग लेकाकडे वळून तिनं एकच शब्द उच्चारला.

"बेका?"

"बेकु!" प्रतिक्षाच म्हणून गेली.

"तुला न्हाई विचारलं गं. याला विचारलं."

महेश्वर काउंटरबाहेर आला. मग आईच्या डोळ्यांत बघत स्पष्ट म्हणाला, "बेकु, अव्वा. हीच बेकु."

"तुझा अप्पा घर डोक्यावर घेईल. भावकी लई बोलंल." ती प्रतिक्षाकडे वळली. "ऐकून घेशील?"

"ऐकून घेईन. पण मागं नाही सरणार."

"मग उभी का? बस की." चन्नम्मानं पदर खोचला. "महेश, कॉफी दे हिला. अन् चिकोरी नको. आठवडाभर तो डबा कसा रिकामा होतोय, बघतीय मी. खरी दे, कडक. भांडायचं म्हणजे अंगात ताकद पायजे."

प्रतिक्षानं कप दोन्ही हातांनी धरला. पहिला घोट कडू लागला. छाती धडधडत होतीच, आणि या वेळी तिनं दुसराही कप मागितला.