वरची डावी दाढ

आई गेल्यावर चौथ्या महिन्यात माझी वरची डावी दाढ उभी चिरली. आईखेरीज माझ्या तोंडात आजवर कुणी हात घातला नव्हता, त्यामुळे तीन आठवडे मी उजव्या बाजूनं जेवले आणि मग एका सकाळी तिच्याच दातांच्या दवाखान्यात गेले. तो आता तिची एक विद्यार्थिनी चालवते. दारावरची पाटी बदललेली, खुर्ची मात्र तीच.

आईच्या हाताखाली बावीस वर्षं काढलेल्या मावशी अजून तिथंच आहेत. गळ्यात कागदी रुमाल अडकवत त्या म्हणाल्या, "आईसमोर ओरडायची सोय नव्हती तुमची. आज घ्या हौस भागवून."

"ओरडू देत की. तोंड तरी उघडं राहील," डॉक्टर हातमोजे चढवत म्हणाली. मग स्टूल ओढून माझ्याजवळ बसली. "ताई, या दाढेला तीन मुळं. ती काढली की तीन खड्डे राहतात आणि मधे हाडाचा एक उंचवटा. त्यातच नव्या दातासाठी स्क्रू बसवायचा, आजच. पण वर लगेच सायनसची पोकळी आहे. हाडानं स्क्रू घट्ट धरला तर उत्तम. नाहीतर टाके घालून सहा महिने थांबायचं."

"मला थांबायचं नाहीये," मी म्हणाले.

चार महिन्यांत घरातलं एक कपाट, एक पलंग आणि जेवणाच्या टेबलाची एक बाजू रिकामी झाली होती. तोंडात आणखी एक रिकामी जागा घेऊन घरी जाणं मला झेपलं नसतं. हे मी तिला सांगितलं नाही. तिला कळलं असावं. स्कॅनवर घेतलेली मापं तिनं पुन्हा एकदा वाचली.

भूल चढल्यावर तिनं दाढेचे तीन तुकडे केले आणि एकेक मूळ सावकाश हलवत काढलं. दुखलं नाही. आवाज मात्र कवटीच्या आतून येत होता, ओलं लाकूड फाडल्यासारखा. मग तिनं बारीक ड्रिल लावलं.

तेव्हा कुणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पंजा माथ्यावर, अंगठा कपाळाच्या कडेला. कामात असलेल्या माणसाचा, सवयीचा हात. वरच्या दाढांचं काम करताना आई असंच धरायची. मावशी शिकल्या असतील तिच्याकडून, असं वाटून मला बरं वाटलं. खांदे आपोआप सैल पडले.

हातानं माझं डोकं खिडकीकडे वळवलं. सूतभर.

"ताई, डोकं हलवू नका."

मी घशातूनच नाही म्हटलं.

डॉक्टर थांबली. तिची नजर माझ्या कपाळावर गेली आणि तिथंच राहिली. मावशी माझ्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात लाळ ओढायची नळी होती, दुसऱ्या हातातल्या आरशानं त्यांनी माझा गाल बाजूला धरला होता.

"मावशी, डोकं तुम्ही धरलंय?"

"मला काय तीन हात आहेत?"



"राहू द्या तसंच," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाली. कुणाला म्हणाली, ते मी नंतरही विचारलं नाही.

त्या तिरक्या वाटेनं ती आत जात राहिली. थोड्या वेळानं हातानं माझं डोकं मागे घेतलं. पुरे, अशा अर्थी.

तिनं ड्रिल काढलं.

स्क्रू वळत वळत बसला. तो पिळायचा पाना कट्कन वाजला.

"धरला," ती म्हणाली. "घट्ट धरलाय, ताई."

माथ्यावरचा हात निघाला. माझ्या डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत ओघळलं.

एक्स-रेसाठी दोघी दाराबाहेर गेल्या. मी एक्स-रेची प्लॅस्टिकची पट्टी दातांत धरून एकटी बसले, दोन्ही हात मांडीवर.

परत आल्यावर डॉक्टरनं पडद्यावर एक्स-रे आणि जुना स्कॅन शेजारी शेजारी लावले.

"ताई, माझ्याकडून चूक झाली. स्कॅनमध्ये डावं-उजवं आरशासारखं उलटं दिसतं. मी मापं उजव्या बाजूची घेतली. तिकडं हाड नऊ मिलिमीटर आहे, इथं सहा. ठरवल्याप्रमाणे सरळ गेले असते, तर स्क्रू सायनसमध्ये शिरला असता."

"पण गेली नाहीस."

"नाही."

"मग झालं तर. उपकार आहेत तुझे."

"माझे नाहीत," ती म्हणाली आणि तिनं पडदा माझ्याकडे वळवला.

पांढरा स्क्रू हाडात तिरका, नीट बसला होता. शेजारी, एक्स-रेच्या कोपऱ्याशी, एका बोटाची हाडं दिसत होती. जुने डॉक्टर एक्स-रेची फिल्म रुग्णाच्या तोंडात स्वतःच्या बोटानं धरायचे. शेवटचं पेर बाहेरच्या अंगाला झुकलेलं होतं. आईचं ते पेर मी कुठंही ओळखलं असतं.

"दुसरा एक्स-रे काढू?"

"नको. हाच दे."

चार महिन्यांत पहिल्यांदाच मला कुणीतरी सांभाळतंय असं वाटलं. मी पडद्याच्या अगदी जवळ गेले. बोटाच्या टोकाला नखाची फिकट सावली होती. शेवटच्या आठवड्यात आईची नखं मीच कापली होती, अगदी मुळापर्यंत.

हे नख बोटाच्या पुढं चांगलं वाढलं होतं.