मण्याराचं तट्टू

बांगड्या भरणारीला लाजून चालत नाही. दिवसभर परक्या बायकांचे हात हातात घ्यायचे, दाबायचे, त्यांच्या सासवांच्या कागाळ्या ऐकायच्या आणि वर हसून दाखवायचं. लाजत बसले असते तर आमची चूल पेटली नसती. म्हणून आधीच सांगते, त्या दिवशी मी लाजले नव्हते. उगाच कुणी काही म्हणू नये.

सदतीस साल, नागपंचमीचा आदला दिवस. आखाडा बाळापुरात आमच्या ओट्यावर बायकांची झुंबड उडालेली आणि मी बांगड्यांची पेटी उघडून बसलेली. श्रावणसर नुकतीच येऊन गेली होती. तेवढ्यात एक तांबूस तट्टू रस्त्यानं आलं आणि आमच्या ओट्यासमोर येऊन जे थांबलं ते थांबलंच. पाठीवर आठ वर्षांची पोर, परकराचा काचा मारलेली. लगाम धरून एक उंच माणूस, डोक्याला हिरवा रुमाल आणि गुडघ्यापर्यंत चिखल.

त्यानं लगाम ओढला. तट्टू हललं नाही. चुचकारलं… नाही. शेवटी मागे जाऊन ढकललं, तेव्हा तट्टानं फक्त शेपटी उडवली. ती नेमकी त्याच्या तोंडावर बसली आणि ओट्यावर हसण्याचा कल्लोळ झाला.

"बांगड्या भरायच्या का?" मी विचारलं.

"कुणाला?"

"तट्टाला. न्हाईतर तुमाला. दोघंबी लई वेळचे उभे हाईत."

"हसू नका, बाई." त्यानं तोंड पुसलं, पण त्यालाही हसू आवरत नव्हतं. "चार बायका दिसल्या की थांबून राहिलंय हे जनावर. गावात हे आठवं दार. अन् लोक म्हनतात काय, शौक तट्टाला न्हाई, चाबुकस्वारालाच हाय!"

चाबुकस्वार म्हणजे घोडी शिकवणारा. म्हणजे आमच्या गावचे जमीनदार उत्तमराव, त्यांनी वसमतहून आणलेला तो कय्युम हाच तर! आणि वर बसलेली त्यांची धाकटी शकू.

तट्टू मात्र मला नवं नव्हतं. तो आमचा मोती होता. माझ्या अब्बांनी, बद्रुद्दीन मण्यारांनी, बारा वर्षं त्याच्या पाठीवर पेटी लादून गावोगाव बांगड्या विकल्या. चार बायका जमलेल्या दिसल्या की मोती आपण होऊन थांबायचा. अब्बा पेटी उघडायचे, हात भरायचे, आणि पेटीचं झाकण खट्ट करून मिटलं की मोती पुढच्या दाराकडे निघायचा. अब्बांना 'चल' म्हणावंही लागत नसे. मग अब्बांचे गुडघे गेले आणि मोती डोंगरकडा गावच्या एका व्यापाऱ्याला विकला. त्या दिवशी मी दारामागे उभी राहून रडले होते. तिथून फिरत फिरत तो उत्तमरावांकडे पोहोचला असणार.

म्हणजे कय्युमची सगळी अडचण माझ्या एका शब्दानं सुटत होती. झाकणाचं सांगितलं की झालं.

मी सांगितलं नाही.

का, ते स्पष्टच सांगते. तो माणूस मला आवडला. तोंडावर शेपटी बसूनही त्यानं जनावरावर हात उचलला नाही, म्हणून आवडला. आणि त्याचं तट्टू आपल्याच दारी थांबतंय, तर ती खोड आपण कशाला मोडायची?

बायका पांगल्यावर मी हळूच झाकण मिटलं. खट्ट. मोती इतका झटक्यात निघाला की कय्युम दोन पावलं फरफटत गेला.

"हे काय झालं?" त्यानं मागे वळून विचारलं.

"मला काय ठाऊक? चाबुकस्वार तुमी!"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. आमच्या दोघांच्या घरची बोली दखनी, पण शकू बरोबर असायची म्हणून आमचं बोलणं मराठीत चालायचं. आत खाटेवर बसलेल्या अब्बांना मराठीही उत्तम समजते, हे आम्ही सोयीनं विसरायचो.

हळूहळू सगळं कळलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या मैदानावर घोड्यांचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात लेकरांची रवाल होती. रवाल म्हणजे तट्टाची अशी जलद, सपाट चाल, की वर बसणाऱ्याच्या हातातली दुधाची वाटी हिंदकळू नये. काठोकाठ भरलेली वाटी घेऊन मैदानाला दोन फेऱ्या. दूध सांडलं तर गुण गेले. आणि मध्येच थांबलेलं जनावर पंचांनी दहा म्हणेपर्यंत हललं नाही, तर थेट बाद.

"अन् बाद झालं तर?" मी विचारलं.

"तर मालक म्हनले, तट्टू सोमवारच्या बाजारात अन् चाबुकस्वार वसमतच्या रस्त्याला. नंबर आला तर दोघंबी इथंच." तो मोतीच्या आयाळीतून बोटं फिरवत म्हणाला. "उत्तमराव शब्दाचे पक्के हाईत."

माझ्या हातातली बांगडी तिथंच राहिली. सांगून टाकावं का? … पण दसऱ्याला अजून दीड महिना होता. सांगू की पुढच्या आठवड्यात, असं मी स्वतःलाच बजावलं. पुढच्या आठवड्यातही तेच बजावलं.

तालमी आमच्या ओट्यासमोरच चालायच्या, कारण तिथला रस्ता सपाट होता. निदान कय्युम तरी तसंच म्हणायचा. मोती सुरेख चालायचा, पण शकूची वाटी रोज निम्मी रिकामी व्हायची आणि दुधानं तिचा परकर भिजायचा. एके दिवशी ती रडकुंडीला आली.

"मोती मुंगीवानी चालून राहिलाय, बेटा," कय्युम कपाळ पुसत म्हणाला, "मंग वाटी काहून सांडती?"

"मोतीला काहून बोल लावता? तिचा हात बघा की," मी ओट्यावरून म्हटलं. "वाटी धरलीय का चोर धरलाय? शकू, हिकडं ये."

ती उतरून आली. मी तिचा हात बांगडी भरताना घेते तसा घेतला, अंगठ्याचं हाड हळूहळू दाबलं.

"आता हा हात तुहा न्हाई. माहा हाय. दिला का?"

"दिला, आक्का."

मनगट लोण्यासारखं सैल झालं. "हां. असाच हात वाटीला दे. मूठ आवळली की बांगडीबी फुटती अन् दूधबी सांडतं."

पुढच्या फेरीत एक थेंब सांडला नाही. शकू वर बसल्या बसल्या किंचाळली आणि मोतीनं कान टवकारले. कय्युम मात्र माझ्याकडे बघत उभा होता.

"हे मला दहा वर्षांत कुणी शिकवलं न्हाई," तो म्हणाला. मग त्यानं आपला उजवा हात पुढे केला. "माहाबी लगामाचा हात लई ताठ हाय म्हनतात. बघता का?"

"बाप्यांचे हात आमी भरत न्हाई."

"भरू नका की… नुसता बघा."

मी बघितला. दोन बोटांच्या मध्ये लगामाचा घट्टा पडलेला, तळवा उन्हानं तापलेला. एक बांगडी चढायला लागतो तेवढाच वेळ मी तो हात धरला. फार तर दोन बांगड्या. अब्बा आतून खोकले, आणि मी पेटीचं झाकण मिटलं. मोती निघाला, त्याच्यामागे कय्युमलाही निघावंच लागलं.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी मोतीला ओढ्यावर घासून अंघोळ घातली, खुरांना तेल लावलं, आयाळीच्या वेण्या घातल्या. मी प्रत्येक वेणीला निळा मणी ओवला. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही… पण कय्युम म्हणाला, "आता चिंता न्हाई. त्याची थांबायची खोड मोडलीय मी." मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. खोड मोडली? मग आजही आमच्या दारी थांबला तो कोण? बिचारा स्वतःची समजूत घालतोय असं वाटून मी गप्प बसले.

हिंगोलीच्या मैदानावर बायकांसाठी एका अंगाला कनात लावली होती, तिच्या फटीतून मैदान दिसायचं. दर दसऱ्याला जायचे तशी मी पेटी घेऊन तिथं बसले. शकूची आई द्वारकाबाई माझ्यासमोर हात पुढे करून बसल्या. "भर गं. पोरीचा घोडा बघताना हात रिता नको," म्हणाल्या. त्यांचा हात जाड आणि भीतीनं गार पडलेला.

शकूचं नाव पुकारलं. मोती मैदानात आला तेव्हा त्याच्या वेण्यांतले माझे निळे मणी उन्हात चमकत होते. पहिली फेरी लोण्यासारखी गेली. शकूची पाठ ताठ, मनगट सैल, वाटीतलं दूध जागच्या जागी. पुरुषांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. दुसऱ्या फेरीत मोती कनातीजवळून आला. शकूला बघायला बायका कनात वर उचलून उभ्या राहिल्या, दोनशे बायका, नव्या बांगड्यांचे चारशे हात. सगळे एकदम किणकिणले.

मोती थांबला.

दाराची खोड मोडली असेलही. पण इतकं मोठं गिऱ्हाईक त्यानं बारा वर्षांत पाहिलं नव्हतं!

"एक," पंच म्हणाले. "दोन."

मैदानाच्या पलीकडे कय्युम उभा होता. शिकवणाऱ्यानं आवाज दिला तरी बाद, म्हणून त्यानं दोन्ही मुठी आवळून ओठ मिटले होते. शकूनं टाच दिली, पण वाटी हलू दिली नाही. शहाणी पोर! … आणि माझ्या हातात द्वारकाबाईंचा हात, त्यात अर्धी चढलेली बांगडी, अंगठ्याच्या हाडाशी अडकलेली. सवाष्णीचा हात अर्ध्यावर सोडायचा नाही, आणि सणासुदीत बांगडी फुटू द्यायची तर मुळीच नाही. आमच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही.

"चार. पाच."

"काकू, हात मला द्या."

"अगं, माही पोरगी तिकडं…"

"तिच्यासाठीच म्हनते! सोडा हात!"

त्यांनी डोळे मिटून सोडला. मी एकाच दाबात बांगडी सरकवली. तशी बांगडी मी आजवर भरली नव्हती, पुढेही भरली नाही. "सात," पंच म्हणाले. मी पेटी उचलून कनातीच्या कडेला आले आणि दोन्ही हातांनी झाकण आपटलं.

खट्ट!

मोतीचा एक कान वळला. "आठ." … आणि तो निघाला! त्याच सपाट चालीनं, पुढचं दार गाठायचं असावं तसा. दुधाचा एक थेंब नाही.

थांबल्याचे गुण गेले म्हणून दुसरा नंबर मिळाला. तरीही उत्तमरावांनी शकूला खांद्यावर घेऊन मैदानभर मिरवलं. द्वारकाबाई माझ्याकडे एकटक बघत होत्या. "म्हंजी तुला पहिल्यापासून ठाऊक होतं व्हय गं?" मी मान खाली घातली. हो, तेव्हा मात्र लाजले. आणि मैदानाच्या पलीकडून कय्युमही माझ्याकडेच बघत होता. त्यानंही झाकण ऐकलं होतं.

दोन दिवस तो फिरकला नाही. ते दोन दिवस कसे गेले ते मी सांगणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोती आमच्या ओट्यासमोर येऊन थांबला. वर शकू, लगामाला कय्युम. मी पेटी पुसत होते.

"झाकण," तो म्हणाला. "दोन महिने मी रोज येऊन राहिलो, अन् तुमी एका शब्दानं सांगितलं न्हाई."

"न्हाई सांगितलं."

"काहून?"

"सांगितलं असतं तर तुमी आला असता का?" पेटीवरचं फडकं मी बाजूला ठेवलं. "माहं चुकलं. माह्यापायी मोती अन् तुमी दोघंबी गेला असता. पन तुमी यावं असं वाटत होतं मला, म्हनून न्हाई सांगितलं. झालं? आता जावा."

आणि मी झाकण आपटलं.

मोतीनं पाऊल उचललं. पण निघाला नाही. मान ताणून तो पुढे जायला बघत होता, आणि लगाम तारेसारखा ताठ झाला होता. मी लगामावरून नजर नेत नेत कय्युमच्या मुठीपर्यंत आले. तोच घट्ट्याचा हात. मूठ पांढरी पडेपर्यंत आवळलेली.

"सोडा की लगाम," मी म्हटलं.

"सोडला तर जाईल ना तो." कय्युम माझ्याकडे न बघता म्हणाला. "दारात थांबायची खोड मी पोळ्याच्या आतच मोडली होती, नजमा. तवापासून ह्या दारी मोती थांबलाच न्हाई."

"मंग?"

"चाचाच थांबतात!" शकू वरून ओरडली. "रोज लगाम वढतात, अन् मला म्हनतात, आक्काला सांगू नको!"

"शकू!"

"आता तर दुसरा नंबरबी आला, आता काहून न्हाई सांगायचं?"

कय्युमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला हसू फुटत होतं आणि डोळे भरूनही येत होते. दोन महिने दोघांनी एका मुक्या जनावराच्या नावावर आपापली चोरी खपवली होती.

"बांगड्या पाह्यजेत," तो एकदम म्हणाला. "हिरव्या. लग्नाच्या."

"माप?"

"माप मला ठाऊक न्हाई." आता त्यानं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "तुमच्या हाताला जे बसंल ते."

आतून खाट करकरली. "नजमा," अब्बा मुद्दाम मराठीत म्हणाले, "मोती आला ना?"

"व्हय, अब्बा."

"त्याच्या टापा मी पहिल्याच दिवशी वळखल्या होत्या. संग कोन हाय?"

"गिऱ्हाईक हाय, अब्बा."

"मंग झाकण काहून मिटलंस?"

मी पेटीचं झाकण उघडलं आणि पार मागे टाकलं. कय्युमच्या हातातला लगाम सैल पडला. मोतीनं एकदा पेटीकडे बघितलं, मान खाली घातली आणि एक पाय मोकळा सोडून निवांत उभा राहिला. आता इथून बराच वेळ हलायचं नाही, एवढं त्याला बारा वर्षांत चांगलं कळलं होतं.