थ्रासोबार्बांच्या नावावरचे नऊ शब्द

"थांब! ती पुडी फाडू नकोस!"

झिसिस एवढ्या जोरात ओरडला, की आर्गिरोच्या हातातल्या भोपळ्याच्या अर्ध्या बिया धक्क्यावर सांडल्या.

"माझ्या बिया!" आर्गिरो किंचाळली. दहा वर्षांची ही मुलगी फक्त दोन गोष्टींसाठी रडायची, दातदुखी आणि सांडलेला खाऊ. "आता तूच भरून दे! दुप्पट!"

"तिप्पट देतो, पण हा कागद बघ आधी!"

लाम्ब्रिनी पोहायचा टॉवेल खांद्यावर टाकून पुढे झाली. सकाळपासून तिघांचा बेत एकच होता, पोहत समोरच्या खडकापर्यंत जायचं आणि तिथे बसून टरबूज खायचं. टरबूज झिसिसच्या काखेत होतं. पण आता त्याचं सगळं लक्ष त्या पुडीच्या कागदावर होतं. अर्धा ताव, पिवळट, त्यावर बारीक, उभं, जांभळ्या शाईतलं अक्षर.

"शब्द," झिसिस वाचू लागला. "मग अर्थ, 'खेचराच्या पोटाखालून आवळायचा तंग'. आणि खाली, 'कोणी सांगितला: थ्रासो, खेचरवाला'. लाम्ब्रिनी, ही एफ्तालियाबाईंची चिठ्ठी आहे!"

एफ्तालियाबाईंचं अक्षर बंदरावरच्या मांजरांनाही ओळखू आलं असतं. तीस उन्हाळे त्या इथे येत होत्या. गावातली म्हातारी माणसं आपापसात जी त्साकोनियन भाषा बोलत, तिचा एकेक शब्द त्या एकेका चिठ्ठीवर उतरवून घेत. शब्द, अर्थ, कोणी सांगितला. बुटांच्या रिकाम्या खोक्यांत त्या चिठ्ठ्या राहत, आणि आता त्यांचा शब्दकोश होणार होता. शेवटची खोकी उद्या सकाळच्या बसने अथेन्सला निघणार होती.

"मग ही चिठ्ठी बियांच्या गाडीवर काय करतेय?" झिसिस म्हणाला. "खडक गेला उडत! चला!"

बियावाला मेनिओस गाडीच्या सावलीत डुलक्या काढत होता. त्याच्या पायाशी बुटांचं एक खोकं होतं. काठोकाठ चिठ्ठ्यांनी भरलेलं!

"हे? काल शाळेमागच्या रद्दीत पडलं होतं," तो जांभई देत म्हणाला. "छान जाड कागद आहे. पुडी उलगडत नाही."

"मेनिओसकाका, आम्हाला द्या ना ते!"

"आणि मी बिया कशात देऊ? टोपीत?"

झिसिसने एकदा काखेतल्या टरबुजाकडे बघितलं. मग जड मनाने ते गाडीवर ठेवलं.

"सौदा पक्का," मेनिओस म्हणाला. "पण सकाळपासून अकरा पुड्या गेल्या हं."

पुढचा अर्धा तास तिघं धक्काभर पळत होते. जाळी विणणाऱ्या कोळ्यांकडून, बाकावरच्या नवरा-बायकोकडून, आणि दोन पुड्या तर चक्क पाद्रीबाबांच्या खिशातून! सगळ्या अकरा परत आल्या. एकीवर तेलाचा डाग होता, एवढंच. झिसिसने त्या सरळ केल्या आणि खोक्यात खुपसल्या.

जुन्या शाळेच्या खोलीत खिडकीपाशी एफ्तालियाबाई बसल्या होत्या. त्यांचे डोळे आता इतके अधू झाले होते, की चिठ्ठी नाकाला लावून वाचावी लागायची. मदतीला अथेन्सहून योर्दानिस सर आले होते. सरांची इस्त्री कायम कडक असायची.

"बाई! थ्रासोबार्बांचं खोकं रद्दीत सापडलं!" आर्गिरोने दारातूनच बातमी फोडली. गावात म्हाताऱ्या माणसाला सगळे प्रेमाने 'बार्बा' म्हणत.

"रद्दीत?" बाई ताडकन उठल्या. "योर्दानिस, ते तर बांधून झालं म्हणाला होतास ना?"

सरांचे कान लाल झाले. "बाजूला काढलं होतं. झाडणाऱ्याने उचललं असेल. पण बाई, ते तसंही छापायचं नाहीये. तो म्हातारा खोटं बोलतो! त्याच्या नावावर नऊ शब्द असे आहेत, जे गावात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाहीत. 'त्सुफिर्या' घ्या. डोलकाठीच्या दोरांत घुमणारा वारा, म्हणे! मी त्या शब्दाच्या उगमावर दोन पानं लिहिली. व्हेनिसच्या खलाशांपर्यंत जाऊन पोचलो. परिषदेत वाचली! मग इथे येऊन म्हाताऱ्याला म्हटलं, वाक्यात वापरून दाखवा. तर म्हणाला, 'काल माझ्या खेचराच्या पायात त्सुफिर्या रुतला!'"

झिसिस फिसकन हसला. आर्गिरो तर पोट धरून हसली.

लाम्ब्रिनी हसली नाही.

"नियम आहे," सर म्हणाले. "एकदा खोटा पडलेल्या माणसाचा एकही शब्द दुसऱ्या साक्षीशिवाय घ्यायचा नाही. चारशे तीन चिठ्ठ्या! उद्या सकाळपर्यंत कोण देणार साक्ष? या गावात ज्याला विचारावं तो म्हणतो, 'ती गावंढळ बोली? छे! मला नाही येत!'"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "खेचरांवरचे सगळे शब्द थ्रासोकडचे आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "ते गेले की संपलंच."

तिघं खोकं घेऊनच बाहेर आले. अंजिराच्या झाडाखाली पोचताच लाम्ब्रिनी धप्पकन बसली.

"ते नऊ शब्द बार्बांचे नाहीत," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "माझे आहेत."

"म्हणजे?"

"मी नऊ वर्षांची होते तेव्हा. घरातल्या म्हाताऱ्यांकडून नवा शब्द नेऊन दिला, की बाई एक पाणबुडी द्यायच्या."

पाणबुडी म्हणजे थंड पाण्याच्या पेल्यात बुडवलेला चमचा, आणि चमच्यावर पांढराशुभ्र व्हॅनिलाचा गोळा! चाटायचा, बुडवायचा, पुन्हा चाटायचा.

"सगळ्यांच्या घरात कोणी ना कोणी बोलायचं. आमच्याकडे कोणीच नाही. आईला विचारलं, की ती म्हणायची, 'मला येत नाही, आणि तूही शिकू नकोस, लोक हसतात.' मग मी शब्द बनवले. आणि बार्बांनी सांगितले म्हटलं. त्यांना काय, कोण विचारणार होतं!"

आर्गिरोचे डोळे विस्फारले. "नऊच्या नऊ पाणबुड्या फुकट खाल्ल्यास?"

"आर्गिरो, गप!" झिसिस म्हणाला. "लाम्ब्रिनी, जा आणि सांगून टाक."

"सांगून काय होणार?" ती घाईघाईने म्हणाली. "चारशे शब्दांना साक्ष तर मिळणार नाही ना! साक्ष मिळवायची एक युक्ती आहे माझ्याकडे. आधी ती करू. मग... मग सांगण्याची गरजच पडणार नाही."

झिसिसने तिच्याकडे असं बघितलं, की तिने मान फिरवली. आणि ते दोघं पाणी प्यायला नळाकडे गेले, तेव्हा तिने खोकं उघडलं, आपल्या चिठ्ठ्या शोधून काढल्या आणि खिशात कोंबल्या. आठ सापडल्या. नववी काही केल्या दिसेना. तेवढ्यात दोघं परत आले. असेल हरवली, तिने स्वतःला समजावलं. बरंच झालं.

युक्ती अगदी साधी होती. "म्हाताऱ्या माणसांना काही विचारलं, तर ती 'माहीत नाही' म्हणतात," लाम्ब्रिनी म्हणाली. "पण त्यांच्यासमोर चुकीचं बोललं तर?"

"माझे आजोबा टीव्हीवरच्या बाईलाही दुरुस्त करतात!" आर्गिरो म्हणाली.

दुपार कलताच सगळं गाव चिनाराखालच्या कॉफीखान्यात जमलं. आर्गिरो योर्दानिस सरांना आणि बाईंना हाताला धरून घेऊन आली आणि त्यांना खांबाआड बसवलं. सरांच्या हातात पेन्सिल होती आणि कपाळावर आठ्या.

थ्रासोबार्बा भिंतीकडच्या शेवटच्या टेबलावर एकटे बसले होते. एरवी त्यांच्याभोवती पत्त्यांचा डाव रंगायचा. आज कोणीतरी जाता जाता ओरडलं, "काय थ्रासो, खेचराचा त्सुफिर्या निघाला का?" आणि सगळे हसले. बार्बाही हसले, पण कपातल्या गाळाकडे बघत.

लाम्ब्रिनीने खिशातल्या चिठ्ठ्या घट्ट दाबल्या.

झिसिस खुर्चीवर चढला. "मंडळी! सुट्टीत आम्ही आपली जुनी भाषा शिकलो. ऐका! हा पहिला शब्द. 'आंदे'! म्हणजे दगड!"

कोणीतरी खोकलं. कोणीतरी कॉफी ढवळली. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि नजरा खाली वळवल्या.

"'इओ'! म्हणजे गाढव!"

तरी सगळे गप्प! आर्गिरो कुजबुजली, "बुडालो आपण."

तेवढ्यात पाठीमागे धाडकन आवाज झाला. लाम्ब्रिनीची आई, बेकरीवाली स्तामाता, पावांची टोपली घेऊन आत आली होती. ती तिने टेबलावर आदळली होती.

"दगड? माझ्या पावाला दगड म्हणतोस? आंदे म्हणजे पाव, गाढवा! आणि इओ म्हणजे पाणी! पाण्याशिवाय आंदे मळणार कसा?"

क्षणभर सगळे तिच्याकडे बघत राहिले. स्तामाताने तोंडावर हात ठेवला. पिठाने माखलेला हात होता तो, त्यामुळे लाल झालेले गाल जास्तच लाल दिसले.

आणि मग बांध फुटला!

"बरोबर आहे पोरीचं!"

"पुढे वाच रे! बघू आणखी काय दिवे लावतोस!"

झिसिसने तंगाची चिठ्ठी उचलली आणि ठोकून दिलं, "चाळणी!"

"चाळणी? अरे पोटाखालचा तंग तो! तो सुटला म्हणून माझा बाप दरीत जाता जाता वाचला!"

"खोगिराची काठी!" "झरोका!" "डोंगरातली वाकडी वाट!" प्रत्येक चुकीच्या अर्थाला दहा आवाज उठत होते. तीन आजीबाई भांडत होत्या, दोन आजोबा खुर्चीवर चढले होते. खांबाआड योर्दानिस सरांची पेन्सिल दोनदा मोडली. "साक्ष... साक्ष... दोन साक्षी... अहो, जरा हळू बोला!" ते पुटपुटत होते. बाई नुसत्या ऐकत होत्या, मिटल्या डोळ्यांनी.

उन्हं चिनाराच्या बुंध्यावर आली, तेव्हा खोक्यात एकच चिठ्ठी उरली होती. झिसिसने तेलाचा डाग पडलेली ती चिठ्ठी उचलली आणि न बघताच जोरात वाचली.

"त्सुफिर्या! म्हणजे... शेळीचं शेपूट!"

एवढा वेळ गजबजलेला कॉफीखाना एकदम मुका झाला. लाम्ब्रिनीची नववी चिठ्ठी! पुडीतून परत आल्यावर खोक्यात भलतीकडेच खुपसली गेली होती ती!

"बघा!" सर खांबामागून बाहेर आले. "हाच तो! कोणालाच माहीत नाही!"

सगळ्यांच्या माना भिंतीकडच्या टेबलाकडे वळल्या. बार्बा हळूहळू उठले. त्यांनी एकदा लाम्ब्रिनीकडे बघितलं आणि घसा खाकरला.

"मी म्हातारा झालो, बाबांनो. कधीतरी गंमत म्हणून मीच..."

"नाही!"

स्वतःचा आवाज एवढा मोठा आहे, हे लाम्ब्रिनीला माहीतच नव्हतं. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. आईसुद्धा. तिला वाटलं, आत्ता धावत सुटावं, ते थेट खडकापर्यंत पोहत जावं आणि कधीच परत येऊ नये. पण ती चालत टेबलापर्यंत गेली आणि खिशातल्या आठ चुरगळलेल्या चिठ्ठ्या तिने त्या डागाळलेल्या चिठ्ठीशेजारी ठेवल्या.

"बार्बा खोटं बोलत नाहीत. मी बोलले. हे नऊ शब्द मी बनवले, पाणबुडीसाठी. आणि आज त्या चिठ्ठ्या मी चोरल्या, कोणाला कळू नये म्हणून."

कोणी हसलं नाही. हसले असते, तर बरं वाटलं असतं.

"पण थ्रासो," एफ्तालियाबाई म्हणाल्या, "मी तेव्हाच तुला विचारलं होतं. हे शब्द तुझे का? तू हो म्हणालास!"

बार्बांनी टोपी काढून पुन्हा घातली. "बाई, ही दारामागे उभी होती. दाराखालून हिच्या चपला दिसत होत्या. निळ्या. एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभी होती. तिच्यादेखत नाही कसं म्हणू?"

लाम्ब्रिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिने पुसलंही नाही. "आता सगळे तुम्हाला हसतात!"

"हसू देत. तू मोठी होऊन कधीतरी सांगशील असं वाटलंच होतं, काम्ब्झी," बार्बा म्हणाले. त्यांच्या भाषेत काम्ब्झी म्हणजे लेकरू. "फक्त वाक्यात वापर म्हणाले, तेव्हा मी अडकलो. अर्थ सांगून ठेवायचास ना!"

मघाशी बार्बांना चिडवणारा माणूस खाली मान घालून पत्ते घेऊन आला आणि बार्बांच्या टेबलावर डाव मांडायला बसला. योर्दानिस सरही पुढे आले. त्यांची इस्त्री पार चुरगळली होती. "मी खोकं रद्दीत जाऊ दिलं. तुम्हाला खोटारडं म्हटलं. माझं चुकलं, बार्बा," ते म्हणाले. मग लाम्ब्रिनीकडे वळले. "तीनशे चौऱ्याण्णव शब्दांना साक्ष मिळाली. मला हे अख्ख्या उन्हाळ्यात जमलं नसतं. युक्ती झकास होती, मुली."

हे ऐकून तिला आणखीच खाली बघावंसं वाटलं. तिने त्या नऊ चिठ्ठ्या फाडायला उचलल्या. बाईंनी तिचा हात धरला.

"माझ्या खोक्यातून काहीही फाडलं जात नाही. पेन घे. 'कोणी सांगितला' तिथे बार्बांचं नाव खोड, तुझं लिही. आणि शेजारी लिही, 'खोटा'."

तिने नऊ वेळा लिहिलं. लाम्ब्रिनी, खोटा. लाम्ब्रिनी, खोटा. प्रत्येक वेळी अक्षर स्वच्छ काढलं, बाईंच्या अधू डोळ्यांनाही दिसावं म्हणून. सगळं गाव बघत होतं आणि नऊ ही संख्या किती मोठी आहे ते तिला पहिल्यांदा कळलं.

ते संपल्यावर बाईंनी एक कोरी चिठ्ठी पुढे सरकवली. मग त्यांनी कॉफीखानेवाल्याला हाक मारून पाणबुडी मागवली.

"मला नको," लाम्ब्रिनी पटकन म्हणाली.

"तुला कोण देतंय!" आर्गिरो म्हणाली. "ती बार्बांना!"

या वेळी मात्र सगळे हसले. बार्बांनी चमचा चाटला, पाण्यात बुडवला, पुन्हा चाटला आणि मिशा पुसल्या.

कोरी चिठ्ठी तशीच पडून होती. स्तामाता पावांची टोपली बाजूला सारून लेकीशेजारी बसली.

"लिही," ती म्हणाली, इतक्या हळू की लाम्ब्रिनीला वाकावं लागलं. "आंदे. भट्टीतून काढल्या काढल्या मधोमध मोडला, की वाफेचा आवाज येतो बघ. त्यालाही माझी आई एक शब्द वापरायची."

"कोणता?"

आईने आजूबाजूला बघितलं. मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असा, तो शब्द उच्चारला.

लाम्ब्रिनीने तो लिहिला. आणि 'कोणी सांगितला' समोर आईचं नाव लिहिण्याआधी तिने दोनदा विचारलं, "खरंच लिहू ना?"