पुढचा खांब

शेलूबाजारच्या नव्या विहाराचा पुढचा खांब ज्याच्या घरचा, समितीचं अध्यक्षपदही त्याच्याच घरी जाणार, हे नरेंद्रला कोणी सांगायची गरज नव्हती. पत्रिकेवर 'स्तंभावली' असा भारदस्त शब्द छापला होता. गाव नुसतं 'खांबाइची रांग' म्हणे. एकेका घरानं एकेक दगडी खांब दिलेला, आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं. जिवंताच्या नावाचा खांब घ्यायचा नाही, एवढाच नियम. नरेंद्रची तिथंच पंचाईत झाली. घराण्यातले सगळे मेलेले थोरल्या चुलत्यानं आधीच मागच्या एका खांबावर लावून टाकले होते.

वडील उकंडराव मात्र वाटेला लागले होते. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलेलं, अन् अक्षरं कोरणारा कारागीर त्याच आठवड्यात गावात. नरेंद्रनं कोरून घेतलं: 'कालकथित उकंडराव', म्हणजे दिवंगत.

आणि उकंडराव उठून बसले. भाकर मागितली.

काठी टेकत म्हातारा विहारात आला. नाव वाचून हसला.

"लय घाई झाली होती व्हय रे तुले?" मग खांबावर हात ठेवला. "नरेंद्रा, हा गरम काहून आहे?"

नरेंद्रनं चाचपून पाहिलं. बाकीचे खांब थंडगार. हा तापातल्या अंगासारखा. उन्हानं असेल, तो म्हणाला. ऊन तिथं पोचत नव्हतं. ते घर भूतखेत मानणाऱ्यांतलं नव्हतं. त्यामुळे उताराही ठाऊक नव्हता.

त्यानं मशीन लावून दगड घासून घेतला. नाव गेलं. 'कालकथित' मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा वर आलं. त्याच्यापुढे 'ध' दिसू लागला, मग 'म्म'.

घरी त्याची लेक धम्मदीपा तापानं फणफणत होती. 'धम्मदी'पर्यंत अक्षरं आली, तेव्हा पोरगी हाकही ओळखेना.

"माहं नाव परत कोर," उकंडराव म्हणाले.

नरेंद्र मान खाली घालून उभा.

"तवा नाही लाजला, आता कायले लाजतो? कोर."

नाव कोरून मशीन थांबली. म्हातारा त्याच खांबाला पाठ टेकून बसला, तो उठलाच नाही. संध्याकाळी पोरीनं पाणी मागितलं.

नरेंद्र अध्यक्ष झाला. उद्घाटनाच्या सकाळी हार घालताना त्याचा हात दगडाला लागला.

चितेची राख केव्हाच थंड झाली होती. खांब अजून गरम होता.

त्यानं कान लावला. आत बाबा खोकत होते.

पोरगी सुटली, खुर्ची मिळाली, गावाची रांग पुरी झाली. नरेंद्रच्या घाईची फेड मात्र संपली नव्हती. उकंडराव अजून देऊनच राह्यले होते.