गडग्यातली वाट

मागल्या दाराची कडी वाजली.

दुपारची वेळ. वारा पडलेला, भाई, म्हणजे माझे सासरे, माजघरात लवंडलेले. त्या शांततेत तेवढाच आवाज. गॅसवरचं दूध तसंच टाकून मी धावले. माझी चार वर्षांची गौरजा परसातल्या पोफळींमधून, दगडी कुंपणाच्या गडग्यातल्या मोकळ्या जागेतून पार बाहेर गेली होती. तिथे पायवाट, आणि वाटेला लागूनच बिनकठड्याची बावडी. ती काठावर उकिडवी बसून पाण्यात पानं टाकत होती. मी तिला मागून उचललं. तिच्या केसांना आंब्याच्या मोहोराचा वास येत होता. संध्याकाळपर्यंत तिला कडेवरून उतरवलं नाही.

धामापूरच्या अलीकडे आमचं घर. माघ सरत आला की परसातली कामं निघतात. उन्हं तापायच्या आत माडांची आळी नीट करायची, त्यांत शेणखत आणि सुकलेल्या पानांचा पातेरा भरायचा, पावसात ढासळलेला दगडी गडगा रचून घ्यायचा. गडग्याच्या कामाला नेहमीचा गडी बाबली आला होता. रचताना तो दरवर्षी एक माणूस जाईल एवढी जागा मोकळी सोडतो.

"यंदा ती पण बुजवा," मी म्हटलं.

बाबलीने भाईंकडे पाहिलं.

"ती वाट आपली नाय गो," भाई म्हणाले. "राखणदाराची फेरी जाता थयसून. जागो राखता तो, रातचो काठी घेवन."

"मगे तो उडी मारतलो काय बावडीत, तिच्यासाठी?"

मी शाळेत विज्ञान शिकवलेलं आहे. आवाज चढला, पण त्याची लाज वाटली नाही.

"राखणदाराक बेल बसवया, वैनी," बाबली दात काढत म्हणाला. "वाजवन येतलो."

भाई हसले नाहीत. नातीकडे पाहून त्यांनी मानेनेच होकार दिला. दिवस मावळायच्या आत वाट बंद झाली.

सकाळी आळ्यांना पाणी लावायला गेले. पातेऱ्यावर दंव होतं. गडग्याच्या आतल्या अंगाने मात्र एक अरुंद पट्टा कोरडा, पानं चुरडलेली. कोल्हा शिरला असेल, म्हटलं. बुजवलेल्या जागेपाशी पानांचा नुसता भुगा झाला होता. तिथून पट्टा गडग्याला धरून पुढे गेला होता, साऱ्या परसाला वळसा घालून पुन्हा तिथेच.

रोज तो पट्टा खोल होत गेला. पानं संपली, खालची तांबडी माती दिसू लागली.

कडी मात्र पुन्हा वाजली नाही. गौरजा मागल्या पायरीवर बसून राहायची, हनुवटी गुडघ्यांवर टेकवून. मला आधी बरंच वाटलं.

"खेळूक कित्याक जाणस नाय गो?" वेणी घालताना मी विचारलं.

"तो नको म्हणता."

"कोण?"

"काठयेवालो." तिने परसाभोवती बोट फिरवलं. सावकाश. चालणाऱ्या कुणाच्या मागोमाग फिरवावं तसं.

माझा नवरा, ओमकार, पणजीला नोकरीत. शिमगा झाला की आम्ही दोघींनी तिकडेच राहायला जायचं ठरलं होतं. रविवारी तो आम्हाला नवी खोली दाखवायला न्यायला आला. पुढल्या फाटकाशी गौरजा थांबली. हसत हसत मी तिला कडेवर घेतलं, फाटक ओलांडलं, आणि ती माझ्या खांद्यावर कलंडली. ओठ निळे. रडणं नाही, श्वास नाही. ओमकारने तिला हिसकून आत नेलं, तशी ती खोकली आणि पाणी मागू लागली.

थोड्या वेळाने पुन्हा नेलं. पुन्हा तेच.

डॉक्टर घरी येऊन गेले. छाती साफ आहे म्हणाले.

मग भाईंनी कुणाला हाक न मारता आपल्या हातांनी दगड काढले. वाट मोकळी केली. नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "चुकला माकला पदरात घे. तुझी वाट मोकळी आसा. जा, महाराजा."

त्या रात्री गौरजा माझा अंगठा मुठीत धरून झोपली.

सकाळी मी पट्टा पाहिला. तो मोकळ्या वाटेपर्यंत आला होता.

बाहेर गेला नव्हता. वाटेसमोरून तसाच पुढे गेला होता.

त्याच्या शेजारी, मातीत, लहान पावलं होती. अनवाणी. साऱ्या परसाला फेरी घालून आलेली.

मी घरात धावले. ती गाढ झोपेत होती. तळपाय तांबड्या मातीने माखलेले.

भाई काढलेल्या दगडांवर बसले होते. "आता तेका जावचा नाय," ते म्हणाले.

मी ती उठण्याची वाट पाहिली. मग एकटीच गडग्याबाहेर जाऊन उभी राहिले, आणि दोन्ही हात पुढे केले.

"ये बाय माझी. आई आसा मा हयसर."

ती आली. वाटेच्या अगदी तोंडाशी थांबली. मान वळवून मागे, वर पाहिलं, उंच माणसाकडे पाहावं तेवढं वर. काहीतरी ऐकलं. मग माझ्याकडे बघताना तिचा चेहरा कळवळला.

"आई," तिने विचारलं, "मी तुझ्याकडे इलंय तर तो कोणाक राखतलो?"